आडवी बाटली आणि आमची माहेरची नावं

माझी नात अंथरुणात लोळत देश बदलते. परवा दुपारी तिनं मोबाईल माझ्या नाकापुढे धरला आणि म्हणाली, "आजी, इथं बोट लाव." लावलं. "झालं! कासवं वाचवायच्या अर्जावर तुझी सही झाली." कुठली कासवं, कुठल्या समुद्रातली, अर्ज कुणाच्या टेबलावर जाऊन पडला, मला काही कळलं नाही. तिला कळलं होतं असंही तिच्या चेहऱ्यावर दिसेना. पण मी नातीला हसणार नाही. मला आधी माझ्याच पन्नाशीतल्या अवताराला हसून घ्यायचं आहे, आणि तो माल इतका आहे की नातीचा नंबर लागायला वेळ लागेल.

पन्नाशीतली मी म्हणजे कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला शबनम आणि ब्लाऊजला अडकवलेलं निळं पेन. पाथर्डीकडच्या आमच्या कोरडवाहू गावात जुनी मॅट्रिक झालेली मी एकटीच सून. मुलं नगरला संसाराला लागलेली, शेत वाट्यानं दिलेलं, घरात आम्ही दोघं. वेळ मोकळा होता, आणि मोकळ्या वेळात मी देशाची काळजी करायची. देशानं मला तसं कधी सांगितलं नव्हतं. महागाई, लोकसंख्या, सीमेवरची भांडणं, सगळ्यांवर मी दिल्लीला पोस्टकार्डं पाठवली होती. उत्तर एकाचंही आलं नाही. म्हणजे वर विचार चालू आहे, असा मी त्याचा अर्थ लावायची. आमचे हे मला 'पुढारीणबाई' म्हणायचे आणि मला ते कौतुक वाटायचं. बघा आता.

आमच्या भिंतीला भिंत लागून धाकट्या जावेचं घर. एका सकाळी ती येऊन उंबऱ्यात बसली.

"जाऊबाई, तुमी एवढं दिल्लीला लिवता, तर ते फाट्यावरचं दुकान बंद करा म्हनून बी लिवा की."

फाट्यावर देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं. माझा धाकटा दीर रोज संध्याकाळी तिथं चालत जायचा आणि परत येताना त्याला कुणीतरी उचलून आणून ओट्यावर ठेवायचं, पिठाचं पोतं ठेवावं तसं. नगरच्या डॉक्टरनं त्याच्या पोटावर बोटं दाबून जावेला बाजूला नेऊन सांगितलं होतं की हे असंच चाललं तर हा माणूस फार दिवस काढायचा नाही.

"दुकान बंद झालं तर भाऊजी दुसरीकडं जातील," मी म्हणाले.

"कशाचं जात्यात! लई आळशी मानूस. बैल सुटून दुसऱ्याच्या रानात गेला तरी जागचा हालत न्हाई. दुकान हाकेवर हाय म्हनून पितो. तालुक्याला जावं लागलं तर वड्यापतुर जाईल, बसंल, आन् यील माघारी."

तिची मागणी एवढीच होती. एक दुकान, एक नवरा. मला ते फारच किरकोळ वाटलं. एका दुकानासाठी पेनाचं टोपण काय काढायचं? मी त्याच दुपारी बसून संपूर्ण भारतात दारूबंदी करावी, असं तीन पानी निवेदन लिहिलं. त्यात वेदकाळ होता, स्वातंत्र्यलढा होता, जपानची प्रगती होती. फाट्यावरचं दुकान नव्हतं. जागा पुरली नाही.

ह्या वेळी मात्र चमत्कार झाला. दिल्लीनं माझा कागद मुंबईला पाठवला, मुंबईनं नगरला, नगरनं तालुक्याला, आणि प्रत्येकानं त्याच्यावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असं लिहून आपापली सुटका करून घेतली. शेवटी तो वाढत वाढत जाडजूड गठ्ठा होऊन आमच्या ग्रामसेवकाकडे आला. ग्रामसेवक फटफटीवरून आमच्या दारात उतरले, चहा प्याले आणि गठ्ठा माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "काकू, सगळ्या भारतात दारूबंदी करायचं काम माझ्यावर आलंय. कुठनं सुरू करू?"

"फाट्यापासनं करा," जाऊ भिंतीपलीकडून म्हणाली.

बिचाऱ्या ग्रामसेवकांनीच मग नियम सांगितला. गावातल्या मतदार बायकांपैकी चौथा हिस्सा बायकांनी सह्या करून अर्ज द्यायचा. तालुक्याचे साहेब येऊन सह्या तपासणार. सह्या बरोबर निघाल्या की गावातल्या बायकांचं मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. हे साहेब ज्या खात्याचे, तेच खातं दुकानाला परवानाही देतं, आणि आमच्याकडं लोक त्याला 'दारूबंदी खातं' म्हणतात. ह्यावर कुणीही हसत नाही. मीसुद्धा तेव्हा हसले नव्हते.

तर सरळ काम होतं. दोन दिवसांत सह्या झाल्या असत्या. पण नेमकं त्याच आठवड्यात मी नगरला बायकांच्या एका शिबिराला जाऊन आले आणि गावाचा घात झाला.

शिबिरात एक बाई नावांवर फार सुंदर बोलल्या. आमच्याकडं लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. तांदूळ सारखे केले की माहेरची पोर पुसली जाते आणि सासरची सून उरते. बाई म्हणाल्या, आपण आपलं नाव परत घेतलं पाहिजे. मी एस.टी.त बसल्यापासून पेटले ते घरी येईपर्यंत पेटलेलीच. आल्या आल्या बायकांना मारुतीच्या देवळात बोलावलं आणि ठणकावून सांगितलं, "नवऱ्याच्या दारूविरुद्ध लढायचं आणि सही नवऱ्याच्या नावानं करायची? जमणार नाही. अर्जावर प्रत्येकीनं जन्माचं नाव घालायचं, बापाचं नाव घालायचं आणि माहेरचं आडनाव घालायचं."

एकजात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जावेनं सगळ्यांत जोरात. ग्रामसेवक कोपऱ्यात उभे होते, त्यांनीही वाजवल्या. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग आठ-दहा दिवस गावात नुसती मौज. घरोघरी मी कागद घेऊन जायची आणि बायका आपली नावं सांगायच्या. पदर तोंडाला लावून, लाजत, चोरीचा माल काढून दाखवावा तशा. तीस वर्षं शेजारी राहिलेल्या दोघींचं जन्माचं नाव एकच निघालं, तर त्या एकमेकींच्या पाठीवर थापा मारत हसत सुटल्या. एका म्हातारीला तर आपलं नावच आठवेना.

"बारीक होते तवा बबी म्हनायचे," ती म्हणाली, "पर ते काय खरं नाव न्हवं. थांब, भावाला इचारून येते."

आणि ती खरंच जीपमध्ये बसून दोन गावं ओलांडून माहेरी गेली. दुसऱ्या दिवशी येऊन माझ्या कानात नाव सांगितलं, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून.

जावेनं आपलं नाव सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं, मोठ्यानं. दीर ओट्यावर पडला होता. त्यानं डोळे किलकिले करून विचारलं, "कोन पावनी आलीया?"

"तुझी सवत!" जाऊ म्हणाली. घाईत उलटंच बोलून गेली, आणि ते लक्षात आल्यावर आम्ही दोघी खांबाला धरून हसलो.

साहेब तपासणीला शाळेत आले. मी इस्त्रीची साडी, पेन, शबनम अशी पूर्ण पोशाखात पहिल्या बाकावर. बायकांची रांग व्हरांड्यापर्यंत. साहेबांनी मतदार यादी उघडली, आमचा अर्ज उघडला, चष्मा खाली घेतला, वर केला.

"ह्या पहिल्या बाई कोण?"

"मी," मी उठून म्हणाले.

"ह्या नावाची बाई यादीत नाही."

"ते माझं जन्माचं नाव आहे."

"यादीत काय आहे?"

"सासरचं."

"मग ही सही कुणाची?"

"माझीच!"

"पण तुम्ही तर यादीत नाही."

"अहो, आहे! दुसऱ्या नावानं आहे!"

"मग त्या दुसऱ्या नावाच्या बाईंनी सही का नाही केली?"

मी त्यांना स्त्रीची ओळख, विवाहसंस्था आणि तांदळाचं ताट ह्यावर बरंच काही ऐकवलं. साहेब शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, मला पटतंय तुमचं. पण माझ्या हिशेबानं ह्या अर्जावर तुमच्या गावातल्या एकाही बाईची सही नाही. सगळ्या परगावच्या आहेत." आणि खाली शेरा मारला.

बाहेर फाटकाशी दुकानदार उभा होता. गावच्या नात्यानं मला वहिनी म्हणायचा. "वहिनी, चला चहा घेऊ," तो म्हणाला. "एवढ्या माहेरवाशिणी आल्यात गावात, पाहुणचार नको का करायला?"

जाऊ भराभर पुढं चालली. दारात आल्यावर थांबली. "जाऊबाई, नाव सांगताना लई गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. पर ते गोड आता किती दिवस पुरवायचं? ह्यो मानूस थांबनार हाय व्हय तवर?"

मी म्हणाले, "क्रांतीला वेळ लागतो." असं मी खरंच म्हणाले. ती पन्नाशीतली बाई आज समोर आली तर मी तिच्या ब्लाऊजचं पेन काढून तिच्याच डोक्यात घालीन.

दुसरा अर्ज केला तोवर दसरा झाला होता. आमच्याकडं दसरा झाला की गाव रिकामं होतं. मुकादमांचे ट्रक येतात आणि निम्म्याहून जास्त माणसं कोयते घेऊन देवळाली, बेलापूरकडं ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळं बायका जातातच. मागं राहतात म्हातारी, शाळकरी पोरं आणि आमच्यासारखे विहीरवाले. सह्यांपुरत्या बायका कशाबशा मिळाल्या, यादीतल्या नावांनी. साहेब खूश. मतदानाची तारीख पडली ती ऐन तोडणीच्या भरात.

"तारीख पुढं ढकलायला लाव," आमचे हे म्हणाले. आयुष्यात त्यांनी मला दिलेला हा एकच राजकीय सल्ला, आणि तोच बरोबर होता.

पण मी म्हणाले, जनता जागी आहे. जनता जागी होतीच, फक्त ती बेलापूरच्या उसाच्या फडात जागी होती. मतदानाला जेवढ्या बायका गावात होत्या तेवढ्या सगळ्या आल्या. पेटी उघडली तर आडव्या बाटल्यांचा नुसता ढीग. उभीला चार-सहा मतं, ती कुणाची हेही आम्हाला माहीत होतं. बायकांनी माझ्या गळ्यात हार घातला. मी भाषणाला उभी राहिले. पहिलं वाक्य संपायच्या आत साहेब म्हणाले, "बाई, खाली बसा. यादीच्या निम्मी मतं भरली नाहीत. दुकान चालू राहील."

म्हणजे ज्या बायका उसात वाकल्या होत्या त्यांची मतं न देताच बाटलीला गेली. उभी बाटली उभीच. दुकानदारानं फटाके लावले आणि मी हार घालून ते ऐकत बसले. आणि नियम असा की आता वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी हा नियमच देशपातळीवर बदलावा म्हणून दिल्लीला निवेदन लिहायला बसले. जाऊ आली. माझ्या हातातलं पेन तिनं काढून घेतलं आणि आपल्या कनवटीला खोचलं. "पुन्यांदा त्यो गिरामसेवक चहाला यील, दुसरं काय व्हनार न्हाई," एवढंच म्हणाली. तेव्हा मात्र मी गप्प बसले. दुसऱ्याच्या सांगण्यावरून गप्प बसण्याचा मला सराव नव्हता, त्यामुळं ते फार जड गेलं.

त्या उन्हाळ्याआधीच दिराला रक्ताची उलटी झाली. नगरच्या दवाखान्यात बाटल्या लावल्या. जाऊ त्याच्या उशाशी बसलेली आणि मी तिच्या शेजारी, शबनम मांडीवर घेऊन. तो शुद्धीवर आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, तुमची बाटली आडवी झाली न्हाई, म्याच झालो." आणि हसला. जाऊ हसली नाही. दवाखान्यातून आणल्यावर थोडेच दिवस तो घरात बसला. मग पुन्हा चपला घातल्या. हाकेच्या अंतरावर होतं ना सगळं. वर्षभर थांबा, असं सरकारनं आम्हाला सांगितलं होतं, पण जावेच्या हिशेबात ते वर्ष म्हणजे नवऱ्याचं सगळं उरलेलं आयुष्य होतं.

वर्ष कसंबसं निघालं. दीरही त्यातून तगून निघाला, कसा ते डॉक्टरलाही कळलं नाही.

पुढच्या खेपेला आम्ही दोघींनी ठरवलं की अर्ज घेऊन कुणाच्या दारात जायचंच नाही. पाडवा झाला, ट्रक परतायला लागले. ट्रक थांबतात फाट्यावर, बरोबर दुकानापुढे. तिथंच आम्ही बाभळीखाली सतरंजी टाकली. बायका उतरायच्या, काखेत पोर, डोक्यावर भांड्यांचं बोचकं, दोरीला शेळी. बोचकं खाली ठेवायच्या आत जाऊ शाई पुढं करायची.

"आगं, पानी तरी पिऊ दे!"

"आंगठा दे, मंग पी."

"कशावर देऊ?"

"तुझ्या नवऱ्याची मजुरी समोरच्या दारात जानार का तुझ्या घरात, त्याच्यावर."

अंगठा उठायचा. यादी माझ्या हातात होती आणि मी फक्त नाव शोधून त्यापुढं खूण करायची. अर्जात तीन ओळी होत्या. जपान नव्हता. दुकानदार गल्ल्यावर बसून बघायचा. दोन दिवसांनी म्हणाला, "वहिनी, उन्हात बसू नका, माझ्या ओट्यावर सावली हाय." आम्ही गेलो आणि त्याच्या ओट्यावर बसून सह्या घेतल्या. त्यानं चहाही पाजला. मला अजून वाटतं, तो माणूस वाईट नव्हता, त्याचा धंदा तेवढा चांगला चालत होता.

मतदान भर उन्हाळ्यात झालं. भावाकडून नाव विचारून आणणारी ती म्हातारी मुलाच्या पाठीवर बसून आली. ह्या वेळी निम्मी भरली आणि वर उरली. निकाल सांगितला तेव्हा मी भाषणाचा कागद काढला, तर समोर मैदानात कुणी नाही. सगळ्या भाकरी टाकायला घरी गेल्या होत्या. आमचे हे एकटे उभे होते. "कर," म्हणाले, "मी ऐकतो." मी कागद शबनममध्ये ठेवला. ते भाषण अजून कुणी ऐकलेलं नाही आणि गावाचं त्यानं काही अडलेलं नाही.

दुकान बंद झालं. परवाना तालुक्याच्या गावी गेला. आता जावेनं बांधलेला अंदाज खरा ठरला का, तर अर्धा ठरला. दीर आळशी होता, पण तिला वाटलं होतं तेवढा नव्हता. आठवडी बाजाराच्या दिवशी तो जीपमध्ये बसून तालुक्याला जायचा आणि त्याच जीपच्या टपावरून, बाजाराच्या पिशव्यांबरोबर, परत यायचा. बाकीचे दिवस ओढ्यापर्यंत जाऊन बसायचा, दगडं मोजायचा आणि माघारी यायचा. पुढं बाजारही सुटत गेला, कारण गुडघे गेले. दारूबंदीचं श्रेय मी इतकी वर्षं घेत आले, त्यातला मोठा वाटा गुडघ्यांचा आहे.

दिल्लीचं म्हणाल तर देशभर दारूबंदी अजून झालेली नाही. आमच्या तालुक्यात मतं मागायला येणारे प्रत्येक वेळी व्यासपीठावरून बायकांच्या सन्मानावर बोलतात आणि सभा संपली की त्यांची माणसं वाड्यावस्त्यांवर बाटल्यांची खोकी उतरवतात. पूर्वी मी त्यांनाही निवेदनं द्यायची. ते दोन्ही हातांनी घ्यायचे, फोटो काढायचे, आणि कागद मागच्या माणसाकडं द्यायचे. मागचा माणूस त्याच्या मागच्याकडं. मी एकदा टाचा उंचावून शेवटपर्यंत बघितलं. शेवटच्या माणसानं त्यावर भेळ खाल्ली.

दीर अजून आहे. दात गेले, आवाज आहे. कालच भिंतीपलीकडं भांडण चाललं होतं. जाऊ सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलत होती.

"आमटीत मीठ कमी हाय म्हने! इतकी वर्सं पुढ्यात शेनाचा गोळा ठेवला असता तरी गिळला असता ह्या मानसानं. आता जिभेला चव आलीया! भाकर जाड, भात गिच्च, आमटी आळनी! रोज एक खोट काढतोय."

"मग घाल की मीठ," मी भिंतीवरून ओरडले.

"घालते की," ती म्हणाली. "पर आदी त्याला जरा बोलू द्या."